पुढे एकच चेनरिंग: पाना उचलण्याआधीची तयारी

आखूड बोल्ट. सायकलच्या पेडलांपाशी दोन चेनरिंगा (चेन ओढणारी दातेरी चक्रं) असतात, त्यांच्या जागी एकच लावायची तर यादीतली पहिली वस्तू हीच, आणि ती हातात आल्याशिवाय क्रँकला (पेडलचा दांडा आणि रिंगा धरणारे बाहू असलेल्या भागाला) पाना लावू नका. बाकीचं काही राहिलं तर काम एक-दोन दिवस लांबेल, एवढंच. बोल्ट राहिले तर नवीकोरी चेनरिंग वाया जाते. माझी गेली.

कारण नीट समजून घ्या. दोन रिंगांच्या क्रँकवर प्रत्येक बोल्टाला तीन थर एकत्र आवळून धरायचे असतात: बाहेरची रिंग, मधला क्रँकचा बाहू आणि आतली रिंग. म्हणून मागून येणारा नळीसारखा नट त्या तीन थरांच्या मापाचा, लांब असतो. एक रिंग काढली की थर दोनच उरतात, नट मात्र तेवढाच लांब राहतो. मग बोल्टाचं डोकं रिंगेवर टेकण्याआधी नटाच्या काठावर जाऊन टेकतं. हाताला घट्ट लागतं, टॉर्क पानाही (ठरवलेला जोर पोचला की आवाज करणारा) ‘टक’ करतो, आणि रिंग केसभर सैलच राहते. पान्याने कितीही जोर लावला तरी ती सैलच राहणार.

मी जुनेच बोल्ट परत लावले. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. चढावर उभं राहून पेडल मारलं की करकर यायची. मला वाटलं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची धुरी ज्यात फिरते तो फ्रेममधला भाग. तो उघडला, पुसला, ग्रीस भरलं, पुन्हा लावला. करकर तशीच. त्यानंतरच्या फेरीत एक बोल्ट गळून पडला, रिंग वाकडी झाली आणि ती रिंग नि फ्रेम यांच्या मध्ये चेन जाऊन अडकली. घरी येऊन रिंग काढली तर पाचही भोकं लंबगोल झालेली. क्रँकचे बाहू वाचले हे नशीब. म्हणून एकदा सांगून थांबणार नाही: एका रिंगेसाठीचे आखूड बोल्ट, पाचच्या पाच, नटांसकट. रिंग विकत घेतानाच डब्यात आहेत का ते विचारा. बहुतेक वेळा नसतात.

आखूड बोल्ट मिळतच नसतील तर गेलेल्या रिंगेच्या जाडीचे स्पेसर मिळतात, ते घालून जुने बोल्ट चालतात; पण सगळे स्पेसर एकाच जाडीचे हवेत. हाताशी असलेले वॉशर एकावर एक रचू नका. काही नव्या चार बाहूंच्या क्रँकमध्ये रचनाच वेगळी असते: बोल्ट मागून येतो आणि थेट बाहेरच्या रिंगेतल्या आट्यांत बसतो. तिथे नट नसतो, आणि रिंग त्याच क्रँकसाठी बनवलेली घ्यावी लागते. आपला क्रँक कोणत्या जातीचा आहे ते आधी मागच्या बाजूने बघा.

आता रिंग. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास जुळला नाही तर रिंग बसणारच नाही. पाच बाहूंच्या क्रँकवर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजा: 64.7 मिलिमीटर आलं तर व्यास 110, 76.4 आलं तर 130. चार बाहूंच्या नव्या रोड क्रँकवर बाहू सारख्या अंतरावर नसतात, तिथे हे माप उपयोगाचं नाही; क्रँकवरचा मॉडेल नंबर बघा.

रिंग नॅरो-वाइडच घ्या, म्हणजे एक दाता जाड, एक बारीक, अशी. चेनच्या बाहेरच्या कडीत जागा जास्त असते, आतल्या कडीत कमी. जाड दाता रुंद कडीत घट्ट बसतो आणि चेन धरून ठेवतो. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने 2012 मध्ये डोंगरी सायकलींच्या एक्सएक्स1 संचात ही पद्धत आणली आणि पुढचा डिरेल्युअर (चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) काढून टाकायची वाट मोकळी झाली. दात्यांची संख्या सम का असते ते यातूनच कळेल. आहे तीच 50 दात्यांची रिंग ठेवून लहान रिंग तेवढी काढायची, हा विचार मनातून काढा. त्या रिंगेच्या अंगावर चेन उचलायला खाचा आणि खिळे असतात, काही दाते मुद्दाम तासलेले असतात. चेन एका रिंगेवरून दुसरीवर सहज जावी म्हणूनच ती बनवलेली आहे. पुढे डिरेल्युअरचा, चेन धरून ठेवणारा पिंजरा नसताना ती चेन सोडणार.

किती दाते? हा हिशेब कागदावर करा, इथे घाई नको. समजा आत्ता पुढे 50 आणि 34 दात्यांच्या रिंगा आणि मागे 11-28 कॅसेट (11 ते 28 दात्यांच्या चक्रांचा संच) आहे. सर्वात हलका गिअर 34 भागिले 28, म्हणजे 1.21. पुढे 40 आणि मागे सर्वात मोठं चक्र 34 घेतलं तर 1.18, जुन्याहून किंचित हलका. 42 घेतलं तर 1.24, किंचित जड. वरच्या टोकाला 50-11 वर मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी सुमारे 52 किलोमीटर मिळायचे. 42-11 वर 43, 40-11 वर 41. उतारावर त्यापुढे पाय मोकळे फिरतील. मला ते चालतं, चढावर गुडघे शाबूत राहिलेले जास्त बरे. गटातून वेगात जाणाऱ्याला चालणार नाही, आणि मग हा बदल त्याने करूच नये. दुसरी किंमत मागच्या टप्प्यांची. 11-28 वर 11, 12, 13, 14, 15 असा एकेक दाता वाढत जातो. 11-34 वर 11, 13, 15, 17. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना हा फरक पायाला कळतो.

कॅसेट मोठी झाली की मागचा डिरेल्युअर तिला पुरतो का ते बघा. इथे दोन आकडे असतात आणि लोक नको तो बघतात. चेनचा ढिलावा किती ओढून घेता येतो, हा एक. तो आता प्रश्नच नाही, कारण पूर्वी पुढचे 16 आणि मागचे 17 मिळून 33 दात्यांचा फरक सांभाळावा लागत होता, आता फक्त मागचे 23. खरा आकडा सर्वात मोठ्या चक्राचा. आखूड पिंजऱ्याचे (पिंजरा म्हणजे दोन पुली धरणारा लोंबता भाग) रोड डिरेल्युअर बहुधा 28 किंवा 30 दात्यांवर थांबतात, वरची पुली मोठ्या चक्राला घासते. लांब पिंजऱ्याचा घ्या. क्लच (पिंजरा ताठ धरून ठेवणारी यंत्रणा) असलेला मिळाला तर फारच उत्तम, खडबडीत रस्त्यावर चेन उसळत नाही. शिमानो कंपनीच्या 2019 मध्ये आलेल्या जीआरएक्स मालिकेतले 11 गिअरचे डिरेल्युअर त्यांच्याच 11 गिअरच्या रोड शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअर बदलायच्या दांड्याशी) जुळतात. त्यात आरएक्स810 हा 34 दात्यांपर्यंत, आरएक्स812 हा 42 पर्यंत. क्लच नसेल तर फ्रेमला लावायचा, चेन रिंगेवरून उतरू न देणारा चेन गाइड यादीत लिहा. आणि शिमानोची 11 गिअरची 11-34 कॅसेट रोडच्या 11 गिअरच्या हबवर (मागच्या चाकाच्या मध्यभागावर) चढवताना मागे 1.85 मिलिमीटरचा स्पेसर लागतो. तो नसला तर कॅसेट डुलत राहते.

बोल्ट मागवलेत ना? इथवर वाचून रिंग, कॅसेट, डिरेल्युअर अशी यादी केली असेल आणि बोल्ट त्यात नसतील, तर आत्ता वर लिहा. माझ्याही यादीत मोठ्या वस्तू सगळ्या होत्या.

चेनची सरळ रेषा: रिंग बाहूच्या बाहेरच्या बाजूला बसवली तर मागच्या मोठ्या चक्रावर चेन फार तिरकी जाते, आणि चढावर तुम्ही तिथेच असणार. आतल्या बाजूला बसवली तर रेषा सुधारते, पण 42 दात्यांची रिंग फ्रेमच्या नळीला घासू शकते. क्रँक पूर्ण फिरवून बघा. 2-3 मिलिमीटर तरी फट हवी, कारण जोर लावला की फ्रेम वाकते. बाजू बदलली तरी बोल्ट आखूडच लागतात.

चेन नवीच घ्या. लांबी जुन्या चेनवरून कापू नका. डिरेल्युअरमधून न ओवता पुढच्या रिंगेवरून आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रावरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्याहून एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्त ठेवा, मगच तोडा. लांब चेन कापता येते. आखूड चेन मोठ्या चक्रावर गेली तर डिरेल्युअर मोडते.

हत्यारं: अॅलन कीचा संच, काही बोल्टांना टी30 टॉर्क्स, नट मागून धरायचा खाचेचा पाना (याच्याविना नट गोल फिरत राहतो), चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंकची (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीची) पक्कड, कॅसेटच्या लॉकरिंगची (कॅसेट आवळणाऱ्या कड्याची) चावी आणि ती फिरवताना कॅसेट धरून ठेवणारा चेन व्हिप, टॉर्क पाना, ग्रीस. लॉकरिंगला 40 न्यूटन-मीटर. चेनरिंगचे बोल्ट अॅल्युमिनियमचे असतील तर 8 ते 10 पुरे, स्टीलचे असतील तर 12 ते 14. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

पुढचा डिरेल्युअर आणि त्याची केबल काढा. फ्रेममध्ये केबलचं भोक उरलं तर रबरी बूच लावा, नाहीतर पाणी आत जातं. डावा शिफ्टर राहू द्या, ब्रेक त्यातच आहे.

चेन चढवताना जाड दाता रुंद कडीत. मागच्या डिरेल्युअरचा बी-स्क्रू फिरवून पुली आणि मोठ्या चक्रात 5-6 मिलिमीटर अंतर. लिमिट स्क्रू, केबलचा ताण, नेहमीसारखंच.

मग स्टँडवरून उतरवण्याआधी एकच तपासणी: रिंगेचे दाते चिमटीत धरून आत-बाहेर हलवा. रिंग आणि बाहूच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. सरकली, किंवा जरा जरी खटका लागला, तर बोल्ट लांब आहेत. थांबा, काढा, आखूड लावा. करकर आली तर आधी इथेच बघा, बॉटम ब्रॅकेट नंतर.

पहिली फेरी जवळच मारा. पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. जुने लांब बोल्ट जुन्या रिंगांबरोबर एकाच पिशवीत बांधून, वर ‘दोन रिंगांचे’ असं लिहून ठेवा, म्हणजे ते नव्यांच्या डब्यात मिसळणार नाहीत.