जुन्या सुती साडीचं झबलं, कागदी कटिंगशिवाय

बारशाला झबल्या-टोपऱ्यांचा ढीग येतो, पण त्यातली बरीचशी टोचऱ्या लेसची. बाळाच्या अंगाला मानवतं ते घरातल्या मऊ पडलेल्या सुती साडीचं. ते शिवायला शिवणाचा क्लास लागत नाही. घडी नीट घालता आली की झालं.

कापड निवडताना मात्र घाई नको. साडी खिडकीशी उजेडात धरा. जिथं विरळ दिसते, तो भाग सोडा. दोन्ही हातांनी हलकं ताणून पाहा. धागे सरकले तर तिथंही कात्री लावू नका. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी गळ्याशी टोचतोच, तो उशीच्या अभ्र्याला ठेवा. कापड धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून इस्त्री करा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी 12 इंच रुंद, 30 इंच लांब तुकडा पुरतो. बाळाला बसणारं एखादं झबलं असेल तर ते वर ठेवून अंदाज घ्या.

आता तुकड्याची लांबीत निम्मी घडी घाला. ही घडी म्हणजे खांदा. मग उभी घडी घाला. हातात 6 बाय 15 इंचांची चौपदरी घडी येईल. दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यात गळा: खांद्यावर 2 इंच, खाली 1 इंच, खडूने गोलाई द्या. समोरच्या सुट्या कडेला मुंढा, म्हणजे हात बाहेर काढायची जागा: खांद्यापासून 4 इंच खाली, सव्वा इंच आत. कापा. उभी घडी उलगडून फक्त पुढच्या पदराचा गळा आणखी इंचभर खोल करा. पाठीचा पदर मधोमध गळ्यापासून खालपर्यंत चिरा. गळा आधी लहानच ठेवावा, वाढवता केव्हाही येतो.

बगला अशा शिवा: सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला बारीक टीप घाला, मग उलटवून पुन्हा एक टीप, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. हातानं शिवत असाल तर धावदोऱ्यापेक्षा उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन घातलेली, जास्त टिकते. पाठीच्या चिरेच्या कडा आणि खालचा घेर दुमडून हेम करा.

खरी कसोटी गळ्याची. त्याला आणि मुंढ्यांना उरेब पट्टीच लावा, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेली, सव्वा इंच रुंद. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या घालते. उरेब पट्टी ओढली की लवते, गोलाईबरोबर वळते. ती आतल्या बाजूनं जोडून बाहेर दुमडा, वर हेम घाला. जाड कड बाहेर राहते, मानेला घासत नाही. शिंपी बहुधा उलट करतात, कारण त्यांना बाहेरून सफाई हवी असते. इथं सफाईपेक्षा बाळाची मान महत्त्वाची.

पाठीला बंदांच्या दोन जोड्या लावा, एक मानेच्या थोडी खाली, दुसरी कमरेशी. प्रत्येक बंद 5 इंचांहून लांब नको. बटणं आणि पिना तर नकोतच.

घालण्याआधी झबलं उलटं करून आत बोट फिरवा. लोंबणारा दोरा दिसला तर मुळाशी कापा, कारण असा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला की आवळत जातो.