कारा आणि फ्युनारिया: प्रॅक्टिकलची तयारी पावसाळ्यातच

प्रॅक्टिकलची तारीख कधीही लागो, खान्देशात शैवालाचे ऊगोनियम आणि मॉसचे आर्किगोनियम या दोन मादी अवयवांच्या तुलनेची तयारी श्रावण-भाद्रपदातच करावी लागते. दिवाळीनंतर तलावांचे काठ मागे सरतात, भिंतींवरची मॉस (ओलीत वाढणारी हिरवी मखमली वनस्पती) वाळून काळपट होते. मग कपाटातल्या जुन्या स्लाइडवर भागवावे लागते, आणि त्यात अवयवाची खोली कळत नाही. ताजे मटेरियल हवेच.

आधी कारा हे पाण्यातले शैवाल शोधा. पाझर तलावाची किंवा शेततळ्याची उथळ, नितळ कड पाहा. ही वनस्पती हाताला खरखरीत लागते आणि कुस्करली की उग्र वास येतो. खरखर चुन्याच्या थराची असते, म्हणून घरातले व्हिनेगर सोबत न्या. बुडबुडे थांबेपर्यंत फांदी त्यात ठेवून धुतली की ऊगोनियम स्वच्छ दिसते. उरलेले 4 टक्के फॉर्मालिनमध्ये टाका, आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या आत घाला. एडोगोनियम या दुसऱ्या शैवालाचे तंतू सापडले तर तेही घ्या.

मॉससाठी विहिरीचा कठडा, जुनी विटांची भिंत, कॉलेजच्या टाकीखालची ओल पुरते. पाटणादेवी आणि पाल ही ठिकाणे मोहात पाडतात, पण दोन्ही अभयारण्यात येतात. तिथून परवानगीशिवाय काही उचलायचे नाही. फ्युनारिया या मॉसवर कॅप्सूल (बीजाणूंच्या कुप्या) लटकू लागल्या असतील तर आर्किगोनियमचा काळ बहुधा सरलेला असतो, तेव्हा कॅप्सूल नसलेली गादी निवडा. त्यात मुख्य फांदीच्या शेंड्यावर नर अवयव आणि बाजूच्या फांदीवर मादी अवयव असतात. मादी फांदीच्या शेंड्याची पाने सुईने एकेक सोलून ग्लिसरीनमध्ये माउंट करा. घाई केलीत तर आर्किगोनियमची मान तुटलीच.

आता तुलना. माझ्या मते बाकी सगळे मुद्दे एका मुद्द्यापुढे दुय्यम आहेत: अंडपेशीभोवतीचे आवरण कुठून आले? एडोगोनियममध्ये तंतूतली एक पेशी फुगते आणि तीच ऊगोनियम होते; भोवती वांझ पेशींचा थर नसतो. काराजवळ मुले अडखळतात, कारण तिथे पाच नळीपेशी पिळासारख्या गुंडाळलेल्या दिसतात, वर पाच पेशींचा मुकुटही. पण या पेशी ऊगोनियमखालच्या पेरातून वर चढतात. आर्किगोनियमचे वेगळे आहे. एकाच आरंभिक पेशीत तीन उभ्या भिंती पडतात, बाहेरच्या तीन पेशींपासून आवरण आणि मधल्या पेशीच्या वंशात अंडे. म्हणजे अंडे आणि त्याचे आवरण एकाच पेशीची लेकरे. हे वाक्य पाठ करू नका, या अवस्था हाताने काढा.

मानेत पेशींच्या सहा उभ्या रांगा मोजा, आत मानेच्या नलिकापेशी, तळाशी अंडपेशी आणि तिच्यावर एक उदर-नलिकापेशी. पक्व झाल्यावर नलिकापेशी विरघळून बुळबुळीत द्रव होतो आणि मान उघडते. मॉसच्या शुक्रपेशी साखरेकडे ओढल्या जातात हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी 1884 मध्ये दाखवले. तोंडी परीक्षेत पाण्याची गरज विचारली की हे सांगा. कारात शुक्रपेशी मुकुटाखालच्या फटींतून शिरतात, तेवढे पुरे.

वहीत फलनानंतरच्या अवस्थांसाठी समोरासमोरची दोन पाने कोरी ठेवा. डावीकडे काराचा जाड कवचाचा ऊस्पोर (फलित अंडपेशी), जो गळून चिखलात जातो. उजवीकडे फ्युनारियाचा भ्रूण, जो आर्किगोनियमच्या पोटातच वाढतो आणि त्याच पोटाची टोपी डोक्यावर घेऊन वर निघतो.