डिशवॉशर ओव्हरफ्लोचा एरर दाखवतोय?

मशीन बंद केलं तरी पंप घूंऽऽ करत चालूच राहिला तर बहुतेक वेळा मशीनच्या तळाशी असलेल्या ट्रेमधे (भांड्यांच्या नव्हे) पाणी साचलेलं असतं, तिथला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा छोटा भाग) वर आला की मशीन पाणी घेणंच थांबवतं. आधी नळ बंद, प्लग काढा (ओल्या हाताने नको हं), मग दोघांनी मिळून मशीन हळूच तिरकं करा, खाली जुना टॉवेल टाकून ठेवा, पाणी निघालं की काही तास सुकू द्या. आमच्याकडे कारण काय तर डिटर्जंट संपलं म्हणून कोणीतरी सिंकवरचं साधं लिक्विड ओतलेलं, सगळा फेसच फेस! फिल्टर, दाराचं रबर पण बघा. एरर परत आला तर लीकेज असू शकतं, टेक्निशियनच बोलवा.