दिवसभर टिकणारा ऑफिसचा आंबाडा

केस कमरेपर्यंत असतील तर ऑफिससाठी मानेलगतचा आंबाडा सगळ्यांत सोयीचा. केस मात्र पूर्ण कोरडे हवेत. ओले बांधले की वाळताना आंबाडा सैल पडतो, शिवाय कुबट वास येतो.

गुंता काढून मानेच्या खळगीपासून दोन बोटं वर कापडी रबरबँडने पोनी बांधा. त्याहून खाली बांधली तर कॉलरला घासून सुटते. मग पोनीला पीळ द्या आणि पीळ ज्या दिशेने द्याल, त्याच दिशेने केस रबरबँडभोवती गुंडाळा. उलट गुंडाळले की पीळ उलगडतो. टोक रबरबँडखाली खोचा.

खरी मेख पिनांत आहे. ५-६ यू पिना पुरतात. पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून आंबाड्याच्या कडेची बट आणि डोक्यालगतचे थोडे केस एकत्र पकडा, मग पिन उलटी फिरवून मध्याकडे सरकवा. सरळ खुपसलेली पिन हळूहळू वर येते. टोचत असेल तर काढून पुन्हा लावा, दिवसभर सहन करू नका.

दाट केसांची आधी वेणी घालून मग गुंडाळा. रोज एकाच जागी घट्ट बांधल्याने कपाळाजवळचे केस विरळ होतात, म्हणून अधूनमधून सैल वेणीवरच जा.