छोट्या संकेतस्थळासाठी मोफत ऑनलाइन साधने : कोणती वापरावीत आणि कोणत्या क्रमाने

वसमतचा हळद व्यापारी, पैठणचा पैठणी विक्रेता, लातूरचा शिकवणी वर्ग किंवा जालन्याचा मोसंबी उत्पादक, यांपैकी कोणाचेही संकेतस्थळ बहुधा गावातल्या एखाद्या जाणत्या तरुणाने किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या एजन्सीने करून दिलेले असते. ते सुरू झाल्यावर वर्षभर त्याकडे कोणी फिरकत नाही आणि नूतनीकरणाचे बिल हाती पडल्यावर मात्र ‘याचा उपयोग नेमका काय होतो’ असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर एक रुपयाही खर्च न करता मिळवता येते. त्यासाठी लागणारी साधने सात-आठच आहेत. पण ती कोणत्या क्रमाने वापरायची, याला महत्त्व आहे. आधी मालकीची खात्री करावी, मग लोक काय शोधत येतात ते पाहावे, त्यानंतर मजकूर नीट करावा आणि शेवटी वेगाकडे वळावे. पुष्कळ जण वेगाच्या गुणांपासून सुरुवात करतात आणि ज्या पानावर कोणी येतच नाही, ते पान जलद करत बसतात.

डोमेन कोणाच्या हातात आहे?

पत्ता ‘डॉट कॉम’ असेल तर आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर, आणि ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट भारत’ असेल तर निक्सी या भारतीय संस्थेच्या नोंदणी व्यवस्थेच्या शोधपानावर, आपले डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा मूळ पत्ता, टाकून पाहावे. मालकाचे नाव गोपनीयतेमुळे बहुधा झाकलेले असते. पण डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतले आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे तेथे दिसते. त्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे का आणि खात्याला जोडलेला ईमेल आपला आहे का, हे दोन प्रश्न त्याच दिवशी निकाली काढावेत. संकेतस्थळ करून देणाऱ्यानेच स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलेले असणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही, बहुतेक वेळा ती केवळ सोय असते. तरीही संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यात वळते करून घ्यावे, कारण पुढे तो तरुण पुण्याला नोकरीला गेला की फोन लागणेही अवघड होते.

गूगल सर्च कन्सोल

गूगलच्या शोधात आपले संकेतस्थळ कसे दिसते, हे दाखवणारे हे साधन आहे. एकच साधन वापरायचे ठरवले तर ते हे असावे. यात आपले संकेतस्थळ जोडताना दोन पर्याय मिळतात. पहिल्यात संपूर्ण डोमेन जोडले जाते आणि त्यासाठी डोमेनच्या डीएनएस नोंदींत (डोमेन कोठे नेते हे सांगणाऱ्या, डोमेनच्या खात्यातल्या नोंदींत) गूगलने दिलेली एक टीएक्सटी ओळ भरावी लागते. दुसऱ्यात एक ठरावीक पत्ता जोडला जातो आणि त्यासाठी दिलेली फाइल चढवली किंवा पानात एक खूण टाकली तरी चालते. डोमेनची किल्ली हाती असेल तर पहिला पर्याय निवडावा, म्हणजे पत्त्याची सगळी रूपे एकाच ठिकाणी मोजली जातात. एजन्सीला प्रवेश द्यायचा असल्यास तिला वापरकर्ता म्हणून जोडावे. मालकाचा हक्क आपल्याकडेच ठेवावा.

यातील ‘परफॉर्मन्स’ या अहवालात लोकांनी गूगलवर कोणते शब्द टाइप केले, आपले पान किती वेळा दिसले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या स्थानावर होते, हे दिसते. माहिती १६ महिन्यांपर्यंतचीच ठेवली जाते, त्यामुळे मोसमी धंदा असणाऱ्याने, म्हणजे केसर आंबा किंवा सीताफळ विकणाऱ्याने, हंगाम संपताच ती उतरवून एक्सेलमध्ये जपून ठेवणे हिताचे आहे. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळलेले असतात, म्हणून शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये.

हा अहवाल वाचण्याची एक रीत आहे. समजा, वसमतच्या एका हळद पावडर विक्रेत्याला ‘वसमत हळद भाव’ या शब्दांवर आपले पान पुष्कळदा दिसते, पण उघडणारे फार थोडे, असे आढळले. पहिला विचार येतो तो शीर्षक बदलण्याचा. परंतु हे शब्द टाइप करणारा माणूस बहुधा शेतकरी असतो, त्याला बाजार समितीतला आजचा दर हवा असतो आणि तो पावडरचे पाकीट घेणार नसतो. याउलट ‘हळद पावडर घरपोच’ असे टाइप करणारे थोडे असले तरी ते ग्राहक असतात. त्यांच्यासाठीच्या पानावर वजन, किंमत आणि किती दिवसांत पोहोचते एवढे स्वच्छ लिहिलेले असावे. मोठ्या आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा योग्य शब्द ओळखणे हेच या साधनाचे खरे काम आहे.

मराठवाड्यापुरता आणखी एक मुद्दा आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण शोधणाऱ्यांच्या बोटांना जुनी नावेही सवयीची आहेत. सर्च कन्सोलमध्ये शब्दांच्या गाळणीत ‘रेजेक्स’ हा (एकाच वेळी अनेक रूपे शोधण्याचा) पर्याय निवडून दोन्ही नावे मध्ये उभी रेघ देऊन टाकली, तर दोन्हींवरून येणारे शोध एकत्र पाहता येतात. रोमन लिपीतली रूपेही, ‘संभाजी’ आणि ‘नगर’ जोडून व तोडून, त्याच रेघेने पुढे जोडावीत. मात्र औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे आणि हे साधन देशापर्यंतचाच तपशील देते, राज्याचा देत नाही, म्हणून नुसत्या ‘औरंगाबाद’वरचे सगळे आकडे आपलेच आहेत असे धरू नये. संपर्काच्या पानावर ‘छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)’ असे एकदा लिहिले की पुरते. जुन्या नावाची पाने केवळ नामांतरासाठी नव्या पत्त्यावर हलवू नयेत. हलवलीच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावावी आणि ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पत्ता टाकून गूगलला ती दिसली का, हे तपासावे.

साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळातल्या पानांची शोधयंत्रासाठीची यादी, बनवून देणाऱ्या मोफत पानांची गरज बहुतेकांना नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीच्या ५.५ या २०२० मधील आवृत्तीपासून तो आपोआप तयार होतो; त्याचा पत्ता सर्च कन्सोलमध्ये एकदा दिला की काम झाले. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून सगळे थेट आयात करण्याची सोय आहे, तेव्हा पाच मिनिटे काढून तेही करून टाकावे.

मजकूर खरोखर मराठीत आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण जुन्या दरपत्रकांवरून आणि पुस्तिकांवरून केलेल्या संकेतस्थळांत तो विचारावाच लागतो. डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी आतून ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते आणि गूगलला त्यातला एकही मराठी शब्द कळत नाही. परीक्षा सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात डकवावी. मराठीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आहे. कडबोळे उमटले तर तो बदलावा लागेल. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर पाने मोफत मिळतात, फक्त मूळ फॉन्टचे नेमके नाव आणि आवृत्ती निवडावी लागते. रूपांतरानंतर तीन ठिकाणी नजर टाकावी: ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला अर्धा ऱ, ‘मार्च’, ‘खर्च’ यांतला रफार, आणि जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी. यंत्र चुकते ते बहुधा येथेच. आकडेही मूळ प्रतीशी ताडून पाहावेत, कारण दरपत्रकातली चूक शुद्धलेखनापुरती राहत नाही.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर ‘मुक्त’, ‘बलू’, ‘नोटो सॅन्स देवनागरी’ असे चांगले पर्याय आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, म्हणून एकच फॉन्ट आणि त्याची साधी व ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. शिवाय पानाच्या एचटीएमएलमध्ये (पानामागच्या संगणकीय मजकुरात) भाषा म्हणून मराठीचा ‘एमआर’ हा संकेत आहे, हिंदीचा ‘एचआय’ किंवा इंग्रजीचा ‘ईएन’ नाही, याची खात्री करून घ्यावी. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते त्यात या एका खुणेने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात, आणि पडद्यावरचे वाचून दाखवणारी साधनेही योग्य भाषेत वाचतात.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का, याबद्दल माझे मत नकारार्थी आहे. पत्त्यात देवनागरी चालते, पण तो कोठे डकवला की प्रत्येक वर्णाची आणि प्रत्येक मात्रेची नऊ चिन्हे होतात. ‘पैठणी’ या एका शब्दाची ४५ होतात. रोमन लिपीतला छोटा पत्ता आणि शीर्षक मात्र शुद्ध मराठीत, ही तडजोड बरी.

छायाचित्रे आणि वेग

वेग पाहण्यासाठी गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स वापरावे आणि केवळ मोबाइलचा विभाग पाहावा. वर दिसते ती खऱ्या क्रोम वापरकर्त्यांची गेल्या २८ दिवसांतली नोंद; लहान संकेतस्थळांबाबत ती बहुधा नसतेच. खाली दिसते ती मध्यम दर्जाच्या फोनची आणि संथ ४जी जोडणीची नक्कल करून केलेली चाचणी. तिचे गुण दर वेळी थोडे बदलतात, म्हणून ७१ चे ६८ झाले तर काळजी करू नये. लक्ष द्यायचे ते तीन मोजमापांकडे: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडताना मजकूर खाली-वर सरकण्याचे माप ०.१ च्या आत असावे. बोट टेकवण्याचे माप २०२४ मध्ये बदलले, त्यामुळे त्याआधीच्या लेखांत वेगळे नाव दिसेल.

व्यवहारात दोष निघतो तो छायाचित्रांचा. फोनवर काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र तसेच चढवलेले असते. त्यावर उपाय म्हणून स्क्वूश हे साधन उघडावे आणि छायाचित्र त्यात ओढून टाकावे. ‘रिसाइझ’ सुरू करून रुंदी १२०० करावी, खालच्या यादीतून वेबपी हा छायाचित्राचा हलका प्रकार निवडावा, गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवावी आणि मधली उभी पट्टी डावी-उजवीकडे सरकवून मूळ व नवे चित्र शेजारी पाहावे. पैठणीच्या काठावरचा मोर किंवा जरीचे बारीक काम असेल तर तेथेच झूम करून पाहावे; जरीचे काम फुटलेले दिसले तर गुणवत्ता थोडी वाढवावी. कोपऱ्यात नवा आकार दिसतो आणि तो बहुधा मूळच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. हे सगळे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होते, छायाचित्र कोणाच्या सर्व्हरवर जात नाही, आणि म्हणूनच मला हे साधन इतरांपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

सुरक्षितता आणि सावधगिरी

सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विकत घ्यायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये (संकेतस्थळ ठेवण्यासाठी घेतलेल्या जागेत) ते एका बटणावर मिळते. त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते आणि मुदत संपण्याची सूचना देणारे ईमेल संस्थेने २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा नूतनीकरण आपोआप होते ना, हे होस्टिंगवाल्याला विचारून घ्यावे. ही जोडणी तपासणाऱ्या एसएसएल लॅब्सच्या चाचणीत ‘ए’ श्रेणी आली की पुरे. चाचणीआधी निकाल सार्वजनिक यादीत न दाखवण्याच्या चौकटीत मात्र खूण करावी. संकेतस्थळात काही घुसवले गेल्याचा संशय आला तर सुकुरी साइटचेक वरवरची तपासणी करून देते.

काही मोफत साधने टाळण्यासारखीच आहेत. ‘तुमचे संकेतस्थळ ५०० शोधयंत्रांना कळवा’ अशी पाने निरुपयोगी आहेत. ‘१०० पैकी ४२ गुण’ असे लाल रंगात दाखवून लगेच फोन नंबर मागणारी पाने ही जाहिरात असते. पीडीएफ लहान करून देणाऱ्या अनोळखी पानांवर ग्राहकांची यादी, सातबारा किंवा आधारची प्रत चढवू नये. संकेतस्थळाचा पासवर्ड मागणारे तपासणी साधन बंद करून बाहेर पडावे, कारण वर उल्लेखिलेल्या एकाही तपासणीला तो लागत नाही.

पाकिटावरचा क्यूआर कोड

येथे मोफतचा सापळा सर्वांत महाग पडतो, कारण चूक छापून जाते. क्यूआर बनवून देणारी कित्येक पाने ‘डायनॅमिक’ कोड देतात. त्यात आपला पत्ता नसतो, त्या पानाचा स्वतःचा पत्ता असतो, आणि चाचणीचा काळ संपला की हजारो पाकिटांवरचा कोड पैसे भरेपर्यंत बंद पडतो. संगणकावरील क्रोममध्ये आपले पान उघडून ‘शेअर’च्या मेनूतून क्यूआर बनवता येतो; त्यात पत्ता थेट साठवलेला असल्याने त्याला मुदत नसते. त्याच्या मध्यभागी डायनासोरचे छोटे चित्र येते, ते नको असल्यास ‘स्टॅटिक’ असे स्पष्ट लिहिलेले दुसरे साधन शोधावे. पत्ता जितका लांब तितके कोडमधले चौकोन बारीक होतात. देवनागरी पत्त्याचा कोड शंभर ग्रॅमच्या पाकिटावर दोन सेंटिमीटरमध्ये छापला तर साध्या फोनला तो वाचताना त्रास होतो. छपाईवाल्याला फाइल देण्यापूर्वी कोड कागदावर प्रत्यक्ष आकारात छापून घ्यावा, दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून पाहावा आणि उघडणारा पत्ता आपल्याच डोमेनपासून सुरू होतो ना, हे एकदा वाचून घ्यावे.