बरोक ल्यूटच्या खर्जाच्या तारा कशा निवडायच्या

कुठल्या कंपनीच्या तारा घेऊ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी टेप घेऊन ल्यूट (युरोपातलं जुनं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य) मोजा. 11 जोड्यांचं (जोडी म्हणजे एकत्र छेडायच्या दोन तारा) फ्रेंच पद्धतीचं असेल तर सगळ्या तारा साधारण एकाच लांबीच्या आणि खालचा शेवटचा सूर सी. 13 जोड्यांचं असेल (हे ल्यूटवादक वाइस ड्रेस्डेनला होता तेव्हाचं, 1720 च्या आसपासचं प्रकरण) तर त्यात दोन प्रकार, एकात 12 वी आणि 13 वी जोडी खुंट्यांच्या डब्याला लावलेल्या छोट्या तुकड्यावर जाते, त्याला बास रायडर म्हणतात, लांबी वाढते जेमतेम 5 सेंमी. दुसऱ्यात मान हंसासारखी वळवून लांब केलेली, त्यामुळे बहुतेकदा शेवटच्या 5 जोड्या जवळजवळ मीटरभर. अर्धी निवड इथेच ठरते.

गणित करूनच बघा ना. 13 व्या जोडीचा ए, 415 च्या पट्टीत (म्हणजे मधला ए 415 हर्ट्झला लावलेला) साधारण 52 हर्ट्झ. ताण 3 किलो धरला तर 75 सेंमीवर आतड्याची साधी तात 2.2 मिमी जाड लागते, आणि लांब मानेच्या 98 सेंमीवर 1.7 मिमीत काम भागतं. 2.2 मिमीची साधी तात ठप्प वाजते आणि बऱ्याचदा ब्रिजच्या (तारा खाली जिथे बांधतात त्याच्या) भोकातही जात नाही, पण म्हणून घरी ड्रिल घेऊन बसू नका, बनवणाऱ्याला विचारा! एका तारेला 2.5 ते 3.2 किलो ताण ठीक, जोडीतली वरच्या सप्तकाची तार त्याहून थोडी हलकी ठेवायची. आणि त्याच तारा 392 ला उतरवल्या तर ताण साधारण 11 टक्के कमी होतो, म्हणजे पट्टी आधी ठरवा, मग ऑर्डर.

आता माल. नायलॉनवर तांब्याची तार गुंडाळलेल्या तारा सगळ्यात सोप्या, स्वस्त, सूर धरून राहतात. पण नवीन असताना त्यांची आस फार लांब टिकते, घंटेसारखी, आणि बास जरा पटापट बदलला की आधीचा सूर पुढच्यात मिसळून नुसता चिखल होतो, मग प्रत्येक सूर अंगठ्याने दाबून बंद करत बसायचं. म्हणूनच पुष्कळ वादक या तारा वर्षानुवर्षं बदलतच नाहीत, जुन्या होऊन मंदावल्या की जास्त बऱ्या वाटतात.

दुसरा पर्याय अक्विला कंपनीच्या सीडी तारा. सिंथेटिक मालात तांब्याची पूड मिसळलेली, त्यामुळे वजन जास्त आणि जाडी कमी. आवाज गोल, लवकर विरतो, तातीच्या जवळचा. बास रायडरवाल्या ल्यूटला माझं मत सरळ यांनाच. पण त्या रबरासारख्या ताणतात, खुंटीला भरपूर पिळावं लागतं आणि सुरुवातीचे काही दिवस सारख्या उतरतात. खर्जाच्या जोड्यांपैकी सहावी पडद्यावर दाबून सगळ्यात जास्त वाजते, तिथे हा लवचिकपणा त्रास देऊ शकतो, जोरात दाबलं की सूर वर चढतो. तिथे कार्बनच्या (फ्लुरोकार्बन) तारा बघा, तातीला 1.17 मिमी लागते तिथे कार्बन 1 मिमीत होतं. त्याहून जाड कार्बन मात्र ताठ आणि बेसूर व्हायला लागतं.

खरी तात हवी तर लांब मानेच्या ल्यूटलाच जास्त शोभते. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात ती हवेतला ओलावा पिऊन रोज सूर बदलणार, हे धरून चला.

पाकिटावरच्या आकड्याला फसू नका. गुंडाळीच्या तारांवर कित्येकदा खरी जाडी नसतेच, तेवढंच वजन देणारी तात किती जाड असती तो आकडा असतो, आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करायची नाही, ताण काढूनच करायची. अख्खा सेटही लगेच मागवू नका, आधी 10 वी आणि 13 वी बदलून ऐका, बाकीच्या जुन्याच राहू देत.