हाताने खेळाची जाळी विणायला शिकताय? आधी हे वाचा

व्हॉलीबॉलच्या एका जाळ्यात १,०५६ गाठी असतात. जाळं एक मीटर रुंद, साडेनऊ मीटर लांब आणि घराची, म्हणजे जाळ्यातल्या एका चौकोनाची, बाजू दहा सेंटिमीटर. म्हणजे रुंदीत १० घरं, लांबीत ९५ आणि गाठी ११ गुणिले ९६. एका गाठीला दहा सेकंद लागले तर आतलं विणकाम सुमारे तीन तासांत होतं. नवशिक्याला अर्धं मिनिट लागतं, म्हणजे तेच काम जवळपास नऊ तासांचं होतं. त्यामुळे शिकायला येणारा जो तो मला आधी वेगाबद्दलच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिली दोन जाळी वेगाचं नाव काढायचं नाही. घरं एका मापाची आली पाहिजेत. वेग हात बसला की आपोआप येतो, पण वाकडी घरं घालायची सवय एकदा लागली की ती मोडायला फार त्रास होतो.

मी मालवणकडची. आमच्याकडे जाळी माशांची. रापण, पाग ही नावं लहानपणापासून कानावरची. सुई हातात धरायला मामाने शिकवलं. मी गाठ जोर लावून आवळायला लागले की तो म्हणायचा, "बाय, ओढू नको गो, बसय तिका." हे एक वाक्य मी आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण निम्मं काम त्यात आलं.

गाठ कशी बसते ते जवळून पाहा. उजव्या हातात दोरा भरलेली सुई, डाव्या हातात मापाची पट्टी. दोरा पट्टीच्या पुढून खाली न्यायचा, मागून वर आणायचा आणि वरच्या घरातून काढून खाली ओढायचा. वरच्या घराचं टोक पट्टीच्या काठाला टेकलं की तिथेच अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं. आता दोऱ्याचा एक सैल फेर डावीकडे वर टाकायचा, सुई वरच्या घराच्या दोन्ही दोऱ्यांच्या मागून उजवीकडून डावीकडे न्यायची, त्या फेरातून पुढे काढायची आणि ओढायची. ही जगभर जाळ्यांसाठी वापरतात ती शीट बेंड गाठ. अंगठा कधी सोडता यावर सगळं अवलंबून आहे. गाठ पूर्ण बसण्याआधी अंगठा सुटला तर फेर घराच्या टोकाखाली घसरतो. वरून बघताना गाठ ठीक दिसते, पण ती सरकगाठ झालेली असते. दहा-दहा गाठींनंतर घराच्या दोन बाजू धरून विरुद्ध दिशांना ओढून बघा. गाठ दोऱ्यावरून सरकली तर ती तिथल्या तिथे सोडवा. चार ओळी पुढे गेल्यावर ती सोडवणं म्हणजे चार ओळी उसवणं.

माप चुकतं ते बहुतेक वेळा पट्टीमुळे. दहा सेंटिमीटरचं घर हवं म्हणून दहा सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली की घर मोठं येतं, कारण दोरा पट्टीच्या जाडीवरूनही फिरतो आणि गाठही थोडी जागा खाते. म्हणून पट्टी पातळ आणि किंचित अरुंद हवी. किती अरुंद, ते नमुना विणून ठरवा. एकाखाली एक अशी दहा घरं विणा, ताणून मोजा आणि विसाने भागा, कारण ताणलेल्या प्रत्येक घरात दोन बाजू येतात. एकच घर मोजाल तर फसाल, दहा घरांची सरासरी खरं माप सांगते. मी पट्टी सागाची करून घेते आणि काठ काचकागदाने गुळगुळीत करते. लाकूड खरखरीत असेल तर दोरा अडकतो आणि प्रत्येक घराचा ताण वेगळा पडतो.

मापाचाच आणखी एक घोळ आहे. मच्छीमारीत आस, म्हणजे जाळ्याचं घर, ताणून मोजतात, म्हणजे माप येतं ते समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर. खेळाच्या जाळ्यात घराची एक बाजू मोजतात. खेळातलं १० सेंटिमीटर म्हणजे मच्छीमाराच्या भाषेत २० सेंटिमीटर. किनाऱ्यावरच्या अनुभवी माणसाकडून जाळं करून घेताना हे आधी बोललं नाही तर घरं निम्म्या मापाची येतात, आणि त्यात दोष त्या माणसाचा नसतो.

कोणत्या खेळाला किती मोठं घर, याची एक कसोटी मी वापरते. घराच्या चारही बाजूंची बेरीज चेंडूच्या घेरापेक्षा कमी हवी. तेवढं पाळलं की घर कितीही ताणलं तरी चेंडू आरपार जात नाही. फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. १२ सेंटिमीटरच्या घराची बेरीज ४८, म्हणजे निर्धास्त. क्रिकेटच्या लेदर चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, त्याला ५ सेंटिमीटरचं घर चालतं. पण आपल्या गावागावात क्रिकेट टेनिस चेंडूवर चालतं. त्या चेंडूचा घेर साडेवीस सेंटिमीटरच्या आसपास आणि चेंडू मऊ, दाबला की बारीक होतो. ५ च्या घराची बेरीज २० होते, अंतर फारच थोडं उरतं. तिथे मी साडेचारचंच घर घालते. सरावाचं जाळं करून देताना 'चेंडू कोणता?' हा माझा पहिला प्रश्न असतो.

आता घराची दिशा. साध्या पद्धतीने ओळीवर ओळ विणत गेलं की घरं चौकटच्या आकाराची, टोकावर उभी येतात. फुटबॉलच्या गोलाला ते चालतं, फक्त जाळं दोरावर चढवताना अंतर नेमकं ठेवायला हवं. ताणलेल्या घराच्या लांबीला ०.७०७ ने गुणायचं, तेवढ्या अंतरावर एकेक घर बांधलं की ते बरोबर चौरस उघडतं. १२ सेंटिमीटर बाजूचं घर ताणून २४ होतं, दोरावर त्याला १७ सेंटिमीटर जागा द्यायची. गोल ७.३२ मीटर रुंद, म्हणजे ४३ घरं पुरतात. अंदाजाने बांधलेलं जाळं कुठे फुगतं, कुठे आखडतं. दोरावर आधी खडूने खुणा करून घ्या.

व्हॉलीबॉलला मात्र घरं सरळ उभी-आडवी लागतात, त्यासाठी कोपऱ्यातून सुरुवात करावी लागते. सुरुवातीला दोनच घरं. मग प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात दोन गाठी मारून एक घर वाढवत जायचं. जाळ्याची रुंदी १० चौरसांची, तर या तिरप्या ओळीत ११ घरं होईपर्यंत. तिथून पुढे एका काठाला वाढवायचं आणि दुसऱ्या काठाला शेवटची दोन घरं एका गाठीत घेऊन कमी करायचं. लांबी भरली की दोन्ही काठांना कमी करत शेवटचा कोपरा बंद करायचा. वाढवायच्या काठाला लाल दोऱ्याची खूण बांधून ठेवा. प्रत्येक ओळीला जाळं उलटवावं लागतं, त्यात कुठला काठ कोणता हे सरावलेल्या माणसालाही लक्षात राहत नाही. दोन्ही काठांना वाढवलं गेलं तर जाळं त्रिकोणी होत जातं आणि ते बऱ्याच उशिरा कळतं.

दोरा किती लागेल तेही आधी काढा. वरच्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यात घरांच्या बाजू २,००५, प्रत्येकी दहा सेंटिमीटर, म्हणजे दोनशे मीटर. गाठींचा दोरा वेगळा. एक गाठ सोडवून मोजा. दोन मिलिमीटरच्या दोऱ्याला साधारण तीन सेंटिमीटर धरा, म्हणजे आणखी तीसेक मीटर. दोरा मधेच संपला तर जोड काठावर घ्या, घराच्या मध्यावर कधीच नको.

नायलॉन मजबूत आणि लवचीक, पण पाणी शोषतो, उन्हात कमजोर होतो आणि गुळगुळीत असल्यामुळे नवी गाठ सरकते. नायलॉनचं जाळं विणून झालं की मी ते ताणून बांधते आणि उकळतं पाणी ओतते. त्याने गाठी बसतात. एचडीपीई या प्लास्टिकचा दोरा पाणी शोषत नाही, बाहेरच्या मैदानाला तोच बरा, आणि शक्यतो काळा घ्या, कारण काळ्या रंगातला कार्बन उन्हापासून वाचवतो. पण एचडीपीई साधारण १३० अंशांनाच वितळतं, त्याला उकळतं पाणी दाखवू नका. त्याला सुईचा दुसरा वेढा देऊन दुहेरी गाठ मारा.

कामं कोणती घ्यायची, यावर माझं मत ठाम आहे. बॅडमिंटनचं जाळं हाताने विणायच्या भानगडीत पडू नका. नियमाप्रमाणे घर १५ ते २० मिलिमीटरचं. २० धरलं तरी ६.१ मीटर लांब आणि ७६ सेंटिमीटर रुंद जाळ्यात बारा हजारांच्या आसपास गाठी होतात. व्हॉलीबॉलचं नेहमीच्या मापाचं जाळंही यंत्रावरचं स्वस्त पडतं. ते शिकण्यासाठी विणा, पोट भरण्यासाठी नको. हाताच्या कामाला खरी मागणी आहे ती वेड्यावाकड्या मापांना: शाळेच्या गच्चीला, सोसायटीच्या अरुंद पट्ट्यातल्या सरावाच्या बोळाला, उतारावरच्या मैदानात गोलामागे बांधायच्या जाळ्याला. यंत्र तिथे गठ्ठ्याने जाळं देतं, पण मोजून, कापून, काठ बांधून बसवायला माणूसच लागतो.

हे काम घरी बसून होतं, म्हणून पूर्वीपासून बायकांच्या हातात राहिलं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिडपोर्ट गावात घरोघरच्या बायका जाळी विणायच्या, आणि १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाची जाळी त्याच गावातून गेली होती. आपल्याकडे खेळाच्या जाळ्यांचा वेगळा अभ्यासक्रम शोधत बसण्यापेक्षा मासेमारीच्या जाळ्यांपासून सुरुवात करा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मासेमारीच्या साधनांचा विषय तिथे शिकवतात. आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंदरात सकाळी जाऊन जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या शेजारी बसा. नम्रपणे विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

नव्या माणसाला पहिले पैसे दुरुस्तीतून मिळतात, म्हणून ती नीट शिका. भोक दिसलं की लगेच विणायला घेऊ नका, आधी ते कापून मोठं करा. वरच्या टोकाला एक गाठ अशी ठेवायची की तिला तीन दोरे शिल्लक आहेत, तिथून सुरुवात. खालीही तशीच एक तीन दोऱ्यांची गाठ, तिथे शेवट. मधल्या सगळ्या गाठींना दोनच दोरे राहतील असं कापायचं. एवढं साधलं की एकाच दोऱ्यात भोक भरतं आणि जोड कुठे ते शोधावं लागतं. तसंच न कापता विणाल तर मधे एक दोरा लोंबकळत राहतो.

दर गाठींवर लावा, मीटरवर नको. बारीक घराचं काम कितीतरी पट असतं आणि मीटरच्या दरात ते दिसतच नाही. काठाचा दोर, तो बांधायचा वेळ आणि जागेवर जाऊन चढवणं वेगळं लिहा. नवा दोर पहिल्या काही आठवड्यांत ढिला पडतोच. तेव्हा एकदा जाऊन तो पुन्हा ताणून द्यायचा, आणि त्या फेरीचं गाडीभाडं दर सांगतानाच धरून ठेवायचं.